लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात : लेखी सांगून ठेवणारा सेनानी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका दिवंगत व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. संत झाले, नाटककार झाले, गवई झाले. यंदा आम्ही शिपाईगडी निवडला आहे. बेळगावकरांना लष्कराची ओळख करून द्यायला नको. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि आजूबाजूच्या गावांत क्वचितच असे घर असेल की ज्याच्या सोप्यात वर्दीतला एखादा फोटो टांगलेला नाही. पण आपल्या शेजारच्या कोल्हापूर भागातला एक माणूस लष्करात सर्वोच्च पदाच्या एक पायरी खाली पोचला आणि चीनचे आक्रमण कसे होईल हे त्याने तीन वर्षे आधी कागदावर मांडून ठेवले, ही गोष्ट आपल्या तरुण सभासदांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १९०६ सालचा, कोल्हापूरजवळच्या वडगावचा. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी मुलांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा ठेवल्या होत्या. त्यांतली एक थोरातांनी मिळवली आणि १९२६ साली ते अधिकारी झाले. पुढे ते १४ पंजाब रेजिमेंटमध्ये दाखल झाले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण आम्हाला त्याकडे परत यायचे आहे.

त्या काळच्या हिंदी अधिकाऱ्याची कुचंबणा आज समजणे अवघड आहे. बाहेर देशात असहकार, सत्याग्रह, तुरुंगवास. आणि हे इंग्रजांच्या पगारावर. मेसमध्ये गोरे सहकारी बरोबरीने वागवतीलच असे नाही आणि गावी गेले तर लोक सरकारचा माणूस म्हणून बघणार. हिंदी माणूस कंपनी सांभाळील, पण आख्खी पलटण त्याच्या हाती देऊन लढाईला पाठवावी काय, ही शंका वरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत दुसऱ्या महायुद्धापर्यंत बोलून दाखवली जात होती.

त्या शंकेचे उत्तर जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मिळाले. अराकान किनाऱ्यावरच्या कांगॉ या ठिकाणी जपानी फौजेचा माघारीचा रस्ता तोडायचा होता. ५१ व्या हिंदी ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : कूर्गचे थिमय्या, बंगालचे एल. पी. सेन आणि आमचे थोरात. थोरातांकडे २/२ पंजाब ही पलटण होती. मेलरोज असे सांकेतिक नाव दिलेली टेकडी २९ जानेवारीला या पलटणीने जिंकली. अगदी जवळून, संगिनींनी झालेल्या लढाईत, पुष्कळ माणसे गमावून. तिन्ही प्रमुखांना डी. एस. ओ. हा मानाचा किताब मिळाला. शंका पुन्हा फारशी कुणी बोलून दाखवली नाही. मात्र कांगॉचे वर्णन वाचताना आम्हाला जाणवते ते हे, की युद्ध इतक्या जवळून पाहिलेला हा माणूस पुढे जिथे जिथे बंदूक न चालवता भागत होते, तिथे तिथे ती न चालवण्याचाच विचार आधी करत असे.

याची मोठी परीक्षा कोरियात झाली. १९५३ साली तिथला युद्धविराम अडला होता तो युद्धकैद्यांवरून. बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी परतायला तयार नव्हते, निदान तसे सांगितले जात होते. त्यांना काही महिने तटस्थ ताब्यात ठेवून निर्भयपणे मत विचारायचे, असे ठरले. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात. काम मोठे विलक्षण होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही असे बजावले होते, त्यामुळे आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तारेच्या कुंपणाआड हजारो चिडलेले कैदी, बाहेर मूठभर पहारेकरी, आणि दोन्ही बाजूंची सरकारे भारताकडे संशयाने पाहणारी.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरले. तोफखाना, मशीनगन सर्व काही हुकमाची वाट पाहत असणे हे कुठल्याही सेनापतीला सोयीचे वाटले असते. थोरात काही सहकाऱ्यांसह, हत्यार न घेता, आत गेले. ओरडणाऱ्या जमावात उभे राहून बोलत राहिले, लोकांचा पारा उतरेपर्यंत. मेजर सुखरूप बाहेर आला. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण पुढचे सांगितले नाही तर चित्र खोटे होईल. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत कैद्यांनी कुंपण फोडून पहाऱ्यावर चाल केली तेव्हा भारतीय पहारेकऱ्यांनी गोळी चालवली आणि काही कैदी दगावले. गोळी शेवटी चालवायची आणि चालवावी लागली तर लागेल तेवढीच, असा तो हिशेब होता. अहिंसेचा जप करणारे हे गृहस्थ नव्हते. फेब्रुवारी १९५४ मध्ये फौज परतली तेव्हा कुठल्याच बाजूला जाऊ न इच्छिणारे ऐंशीच्यावर कैदीही आपल्याबरोबर भारतात आले. थोरातांना अशोकचक्र, वर्ग दोन, म्हणजे आजचे कीर्तिचक्र, मिळाले.

१९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनापती झाले, मुख्यालय लखनौ. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजू येथे चिनी सैनिकांशी चकमक झाली आणि नेफा, म्हणजे आताच्या अरुणाचलाच्या सरहद्दीची जबाबदारी लष्कराकडे आली. थोरातांनी हिशेब मांडला. सरहद्दीवर रस्ते नाहीत, खेचरे आणि हमाल यांच्या पाठीवरची रसद, ठाणी एकमेकांपासून तुटलेली. चिनी फौज मोठ्या संख्येने उतरली तर पुढची ठाणी टिकणार नाहीत. म्हणून ऐन सरहद्दीवर लढण्याचा हट्ट सोडावा, मागे बोमदिलासारख्या ठिकाणी भक्कम मोर्चे बांधावेत. म्हणजे शत्रूची रसद लांबेल आणि आपली जवळ येईल. त्यासाठी एवढे सैन्य, एवढे रस्ते लागतील. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी हा कागद वर गेला. सरसेनापती थिमय्यांनी तो मान्य करून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे पाठवला. मेनन यांना तो अनाठायी भीतीचा वाटला. चीनला आपण वाटाघाटीनेच थोपवू, असा त्यांचा भरवसा होता. थोरात एवढ्यावर थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी लाल किला नावाचा युद्धसराव घेतला आणि आहे त्या बळावर लढलो तर कोणते ठाणे केव्हा पडेल हे अधिकाऱ्यांसमोर मांडून दाखवले.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारने थापर यांना नेमले. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त होऊन घरी आले.

आता त्या १४ पंजाब रेजिमेंटकडे वळू. याच रेजिमेंटचे मोहनसिंग मलायात जपान्यांच्या हाती लागले आणि त्यांनी पहिली आझाद हिंद सेना उभारली. याच रेजिमेंटचे अयूब खान पाकिस्तानचे सरसेनापती झाले आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये मुलकी सरकार बाजूला सारून सत्तेवर बसले. एकाने धन्याविरुद्ध शस्त्र उचलले, दुसऱ्याने आपल्याच सरकारविरुद्ध. तिसरे थोरात. सरकार चुकत आहे हे त्यांना दिसत होते. त्यांनी ते लेखी सांगितले, सरावाने दाखवले, आणि सरकारने ऐकले नाही तेव्हा ते गप्प बसले.

या गप्प बसण्यावरून आमच्या संपादक मंडळात दोन तट पडले, ते इथे प्रांजळपणे सांगतो. आमच्यातले एक पेन्शनीत आलेले सुभेदार म्हणाले की पुढे जवान थंडीत, अपुऱ्या कपड्यांत मरणार हे ज्याला दिसले त्याने थेट पंतप्रधानांच्या दारात जाऊन बसायला हवे होते, नाहीतर राजीनामा फेकायला हवा होता. दुसऱ्यांचे म्हणणे असे की थिमय्यांनी १९५९ मध्ये राजीनामा देऊन पाहिला, तो मागे घ्यावा लागला, हाती काही लागले नाही. शिवाय अयूब यांचे उदाहरण ताजे असताना भारतीय सेनापतीने मंत्र्याला ओलांडले असते तर दिल्लीला त्याचा वेगळाच वास आला असता. मतभेद मिटला नाही. बहुतेकांचा कल थोरातांच्या बाजूने आहे, पण सुभेदारांच्या बोलण्याने आमची झोप उडाली हे खरे.

२० ऑक्टोबर १९६२ ला नामका चू नदीकाठी चिनी फौज तुटून पडली. महिन्याभरात बोमदिला गेले. लाल किला सरावात जे नकाशावर दाखवले होते, ते माणसांवर घडले. मेनन यांना जावे लागले. मग पंडितजींनी थोरातांना बोलावून घेतले. हा कागद आपल्याला आधी का दाखवला नाही असे त्यांनी विचारले आणि थोरातांनी तो मेनन यांच्याकडे दिला होता एवढेच सांगितले, अशी हकीकत थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. त्यानंतर थिमय्यांबरोबर त्यांनाही राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेण्यात आले.

पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि उतारवयात ते कोल्हापुरात राहिले. इंग्रजी आत्मचरित्र १९८६ साली निघाले, म्हणजे त्या कागदानंतर सत्तावीस वर्षांनी. नाव फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट. रेव्हेली हा पहाटेचा बिगुल, रिट्रीट हा सूर्यास्ताचा. त्यात आपल्या बढतीबद्दल त्रागा केलेला नाही, तारखा मात्र चोख दिल्या आहेत. १९९२ मध्ये ते वारले. पुस्तकाची एक प्रत आपल्या वाचनालयात आहे. सुभेदारांनी वाचून परत केली, की इतरांना घेता येईल.