रॉबर्ट बॉश
(इयत्ता चौथी)

आमच्या आजोबांची जुनी मोटारसायकल आहे. ती बरीच वर्षे पडवीत धूळ खात होती. मामांनी ती रंगवली, नवी सीट घातली, अगदी नव्यासारखी केली. पण किक मारून मारून मामा घामाघूम झाले तरी ती चालू होईना. पेट्रोल तर येत होतं. मग मामांनी प्लग काढला. त्यावर बॉश असं नाव होतं. हे कोण म्हणून मी गुरुजींना विचारलं. त्यांनी सांगितलेली माहिती मी लिहीत आहे.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीत उल्म शहराजवळ अल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांत ते अकरावे. वडील शेती करत व वाटसरूंसाठी खानावळ चालवत. शाळा झाल्यावर बॉश यंत्रकाम शिकले. १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि विजेच्या दिव्याचे एडिसन यांच्या कारखान्यात त्यांनी काम केलं.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्ट शहरात छोटं वर्कशॉप काढलं. हाताखाली फक्त दोघे जण. सुरुवातीची वर्षं काम कमी आणि कर्ज जास्त अशी गेली. गिऱ्हाइकाकडे ते सायकलवरून जायचे.

इंजिनात पेट्रोल आणि हवा असली तरी ठिणगी पडल्याशिवाय ते पेटत नाही. त्या काळी हीच मोठी अडचण होती. १८८७ मध्ये बॉश यांनी एका इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. त्यात चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. इंजिन फिरलं की त्यात वीज तयार होते, बॅटरी लागत नाही. १८९७ मध्ये तो तीन चाकी गाडीला लावायचा होता. पण ते इंजिन फार जोरात फिरायचं आणि मॅग्नेटोचा जड भाग तेवढ्या वेगाने हलेना. तेव्हा त्यांचे कारागीर त्सेरिंगर यांनी त्याऐवजी हलका भाग हलवण्याची युक्ती काढली. पुढे १९०२ मध्ये होनोल्ड यांनी जास्त दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि त्याला जोडायचा प्लग तयार केला. हे होनोल्ड पूर्वी बॉश यांच्याकडेच उमेदवार होते. मला वाटतं त्यांचंही नाव प्लगवर पाहिजे होतं.

१९०६ मध्ये बॉश यांनी कामगारांना आठ तासांची पाळी दिली. तेव्हा बऱ्याच ठिकाणी दहा तास काम असे. आमच्या आनंदनगरात कारखाने आहेत, म्हणून मला पाळी म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे.

१९२१ मध्ये त्यांचा तरुण मुलगा आजारपणात वारला. त्यांना फार दुःख झालं. महायुद्धात मिळालेला नफा त्यांनी दान केला होता. १९४० मध्ये त्यांनी स्टुटगार्टला मोठा दवाखाना सुरू केला. १२ मार्च १९४२ रोजी ते वारले. नंतर १९५१ मध्ये बंगलोरला त्यांच्या कंपनीचा भारतातला कारखाना निघाला. त्याला मायको म्हणत. नाशिकलाही त्यांचा कारखाना आहे. तिथल्या एका चौकाला लोक अजून मायको सर्कल म्हणतात.

आता मोटारसायकलचं सांगतो. मामांनी प्लगची काजळी पुसली, तो वायरला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मला हाताने दाबायला लावली ती किक. ठिणगी नाही! म्हणजे करंटच येत नव्हता. नवीन प्लग लावला तरी तेच. मग मॅग्नेटोचं झाकण उघडलं. आतल्या पॉइंटवर काळा थर बसला होता. मामांनी तो पॉलिश पेपरने हळूच घासला, पत्तीने फट मोजून बसवली. परत किक दाबली तर टक्क करून निळी ठिणगी पडली. जुनाच प्लग परत लावला. दुसऱ्या किकला गाडी फट फट करू लागली आणि आजोबा काठी न घेताच अंगणात आले.