जीवाश्मशास्त्राची जननी

खडकात दगड होऊन राहिलेल्या प्राण्यांचा अभ्यास म्हणजे जीवाश्मशास्त्र. त्याचा जनक कोण, असं विचारलं की फ्रान्सच्या जॉर्ज क्युविए यांचं नाव सांगतात. काही प्राणी पृथ्वीवरून कायमचे नाहीसे झाले, हे त्यांनी १७९६ मध्ये हत्तींच्या हाडांवरून दाखवून दिलं. तो मान त्यांचाच. पण या शास्त्राला ज्या सांगाड्यांनी आकार दिला, ते कड्यांतून काढले कुणी? तिथं मेरी अ‍ॅनिंगचं नाव घ्यावंच लागतं.

मेरीचा जन्म १७९९ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाईम रेजिस या छोट्या गावातला. वडील सुतारकाम करायचे आणि कड्यांत सापडणारे जीवाश्म हवापालटाला आलेल्या पाहुण्यांना विकायचे. १८१० मध्ये ते वारले, मागे कर्ज ठेवून. मेरी अकरा वर्षांची. शाळा जेमतेम झालेली. हातोडी घेऊन ती कड्यांवर जायची, ती पोटासाठी.

१८११ मध्ये भाऊ जोसेफला एक भलीमोठी कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीनं धड शोधलं. इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचा तो सांगाडा २३ पौंडांना गेला. १८१४ मध्ये त्यावर लंडनमध्ये निबंध छापून आला. त्यात अ‍ॅनिंग भावंडांचा उल्लेखही नव्हता.

हिवाळ्यात वादळानं कडे कोसळले की नवे जीवाश्म उघडे पडत. लाटांनी नेण्याआधी ते काढावे लागत. १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिचा लाडका कुत्रा गेला, ती थोडक्यात वाचली. पण ती नुसती वेचणारी नव्हती बरं का! शास्त्रीय निबंध ती हातानं उतरवून घ्यायची, मासे चिरून त्यांची रचना समजून घ्यायची.

१८२३ मध्ये तिला लांबलचक मानेचा प्लेसिओसॉर जवळजवळ अख्खा मिळाला. एवढी लांब मान पाहून क्युविएंना तो बनावट वाटला. शेवटी त्यांनाच शब्द मागे घ्यावे लागले. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत विल्यम कॉनीबेअर यांनी तो सांगाडा मांडला, पण मेरीचं नाव न घेता. ती स्वतः तिथं जाऊच शकत नव्हती. बायकांना त्या संस्थेचं पूर्ण सदस्यत्व मिळायला १९१९ साल उजाडलं.

१८४७ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं मेरी गेली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. २०१० मध्ये रॉयल सोसायटीनं विज्ञानातल्या दहा प्रभावी ब्रिटिश स्त्रियांत तिला मानाचं स्थान दिलं. २०२२ मध्ये गावात तिचा पुतळा उभा राहिला.

एखाद्या शास्त्राची सुरुवात कुणी केली, हा वाद बहुतेकदा निबंधावर कुणाचं नाव छापलं, एवढ्यावरच मिटवला जातो. खडक फोडणारे हात आणि त्यामागची बुद्धी यांचा हिशेब मात्र मांडायचा राहून जातो. मेरीचा मांडला गेला, पण फार उशिरा.