चार्ल्स डिकन्स यांचा निरोप

घरच्या कर्जापायीं बाराव्या वर्षीं बूट-पॉलिशच्या कारखान्यांत राबलेले चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) पुढें थोर इंग्रज कादंबरीकार झाले. आपल्या कथा ते सभागृहांत स्वतः वाचून दाखवीत. १८५३ सालीं बर्मिंगहॅम येथें मजुरांसाठीं अल्प दरांत त्यांनीं वाचन केलें. या श्रमांनीं प्रकृति ढासळली. १५ मार्च १८७० रोजीं लंडन येथें अखेरचें वाचन करून निरोप घेतांना, लवकरच आपली नवी कथा श्रोत्यांच्या घरीं येईल, असें त्यांनीं सांगितलें. एप्रिलमध्यें 'एडविन ड्रूड'चा पहिला भाग निघाला. बारांपैकीं सहाच भाग लिहून झाले. ८ जून रोजीं दिवसभर लिहून सायंकाळीं ते कोसळले व दुसऱ्या दिवशीं निवर्तले. वाचकांस दिलेला शब्द अपुरा राहिला खरा. परंतु तो पाळतां पाळतां लेखणी गळून पडली, यास आम्ही अपयश मानीत नाहीं.