स्पार्क प्लगवाला शर्यतपटू

केनेल्म ली गिनेस यांचा जन्म १८८७ मध्ये डब्लिनच्या प्रसिद्ध मद्य-उत्पादक घराण्यात झाला. मोटारशर्यतीत त्यांना सतावले ते स्पार्क प्लगने. इंजिनाच्या उष्णतेने प्लगमधील चिनी माती तडकत असे. गिनेस यांनी तिच्या जागी अभ्रक वापरला आणि १९१२ मध्ये लंडनजवळ ‘केएलजी’ प्लगचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात विमानांनाही हे प्लग बसवले गेले.

डॉक्टर जीभ पाहतात, तसा शर्यतीतला मेकॅनिक प्लग पाहतो. भरधाव फेरी संपताच इंजिन बंद करून प्लग काढायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठणठणीत. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळेपणा दिसला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्यावी. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक सर्वांत घातक. इंजिन फार तापले असून पिस्टन वितळू शकतो.

१९२२ मध्ये ब्रुकलँड्सला गिनेस यांनी ताशी सुमारे २१५ किलोमीटरचा जागतिक वेगविक्रम केला. मात्र प्लग ज्याची सूचना देऊ शकत नाही, असा अपघात १९२४ मध्ये स्पेनमधील सॅन सेबॅस्टियनच्या शर्यतीत झाला. गाडी उलटून सोबतचे मेकॅनिक टॉम बॅरेट दगावले. डोक्याला जबर मार लागलेल्या गिनेस यांची शर्यतीतील कारकीर्द तिथेच संपली. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले.