उपऱ्यासाठी उघडलेले दार

बायबलच्या जुन्या करारात उपऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा पुन:पुन्हा आली आहे. तिला जोडलेले कारण असे की, इस्राएल लोक स्वत:ही एकेकाळी मिसर देशात उपरेच होते. रविवारच्या उपासनेत ही आज्ञा ऐकून घरी परतणे सोपे असते. शासनाने उपऱ्याला आसरा देणे हाच गुन्हा ठरविला, म्हणजे तिची खरी किंमत कळते. फ्रान्समधील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आंद्रे त्रोक्मे यांना ती दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली.

त्रोक्मे यांचा जन्म १९०१ साली उत्तर फ्रान्समधील सँ-काँतँ येथे झाला. वडील फ्रेंच, आई जर्मन. पहिल्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना शस्त्र बाळगण्यास नकार देणारा एक जर्मन सैनिक त्यांना भेटला आणि अहिंसेचा संस्कार मनावर कायमचा ठसला. १९२६ साली त्यांनी मूळच्या फ्लॉरेन्सच्या माग्दा यांच्याशी विवाह केला. १९३४ साली ते ल शाँबों या डोंगराळ भागातील गावी धर्मोपदेशक म्हणून आले.

हे गाव निवडले गेले ते योगायोगाने; पण मातीचा गुण निराळाच होता. चौदाव्या लुईने १६८५ साली प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर येथील लोकांचे पूर्वज रानावनात लपूनछपून प्रार्थना करीत. छळाच्या त्या कथा घरोघर जिवंत होत्या. मिसर देशाची आठवण त्यांना ग्रंथात शोधावी लागत नव्हती.

१९४० साली फ्रान्स शरण गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका रात्री जर्मनीतून पळून आलेली एक ज्यू स्त्री बर्फातून त्यांच्या दाराशी आली. माग्दांनी तिला आत घेतले, चुलीपाशी बसविले आणि तिचे ओले बूट भट्टीत वाळत ठेवले. ते जळून गेले. कागदपत्रांची सोय व्हावी म्हणून त्या महापौरांकडे गेल्या, तर त्यांनी ती स्त्री गावात नको, असे बजावले. माग्दांना तिला दुसरीकडे धाडावे लागले. पहिल्याच पाहुणीला आपण ठेवून घेऊ शकलो नाही, ही गोष्ट त्यांना नंतरही सलत राहिली. मात्र एक धडा मिळाला: यापुढे अधिकाऱ्यांना विचारायचे नाही.

पुढे शेतांतील घरे, वसतिगृहे आणि शाळा निर्वासितांनी, विशेषत: मुलांनी भरून गेली. खोटी ओळखपत्रे तयार होऊ लागली. सत्याचे व्रत घेतलेल्या त्रोक्मे यांना त्यातील असत्य बोचत असे, पण माणसाच्या जिवापुढे त्यांनी ती बोचणी सोसली. ऑगस्ट १९४२ मध्ये ज्यूंची यादी मागण्यात आली तेव्हा आपण केवळ माणसे ओळखतो, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर पोलीस बसगाड्या घेऊन आले आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी परतले. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांना सहकारी एदुआर तेस यांच्यासह छावणीत डांबण्यात आले. सरकारशी निष्ठेच्या प्रतिज्ञेवर सही करण्यास दोघांनीही नकार दिला. तरी सुमारे महिन्याने त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी गेस्टापोने एका वसतिगृहावर छापा घातला. ते चालविणारे त्यांचे आप्त दानियल त्रोक्मे विद्यार्थ्यांना सोडून पळाले नाहीत. एप्रिल १९४४ मध्ये मायदानेक छावणीत त्यांचा अंत झाला.

त्याच ऑगस्टमध्ये त्रोक्मे यांचा थोरला मुलगा एका अपघातात गेला. या आघाताने त्यांची श्रद्धा हादरली, तरी काम थांबले नाही. युद्धानंतर ते आंतरराष्ट्रीय शांतता चळवळीत आणि पुढे जिनिव्हात धर्मोपदेशक म्हणून राबले. तेथेच १९७१ साली त्यांचे निधन झाले. गावाने किती जणांना वाचविले, याचे अंदाज वेगवेगळे आहेत. अनेक वर्षे पाच हजार हा आकडा सांगितला जाई, अलीकडचे इतिहासकार तो कमी करतात. नोंदी ठेवणेच तेव्हा जिवावरचे होते. इस्राएलने त्रोक्मे यांना त्यांच्या मृत्यूच्या वर्षी गौरविले. संपूर्ण गावाचा गौरव १९९० साली झाला.