वनवासी फुलाचा कवी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

सृष्टीत ईश्वराची वाणी ऐकणारे कवी मराठीला नवे नाहीत. तथापि तीच वाणी ख्रिस्तभक्तीच्या सुरात ऐकविण्याचे श्रेय प्रामुख्याने रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना द्यावे लागेल.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे 1861 साली एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या पायथ्याची ही भूमी. तिच्या हिरव्या संस्कारांचे ठसे त्यांच्या कवितेवर अखेरपर्यंत राहिले. मातृवियोगानंतर ते बालवयातच नाशिकला आले आणि तेथे त्यांचे संस्कृत अध्ययन झाले. 1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील गिरिप्रवचनाने ते भारावून गेले. पेरणी न करता पोसली जाणारी पाखरे, राजवैभवाला लाजविणारी रानफुले, फळांवरून ओळखले जाणारे झाड हे त्या प्रवचनातील दाखले त्यांच्या निसर्गवेड्या मनाला परके वाटले नसावेत.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंना काही वर्षे विरहात काढावी लागली. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि 1900 साली त्यांनीही दीक्षा घेतली. त्या दिवसांचे दुःख आणि त्यातील विनोदही त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त अजरामर झाला आहे.

टिळकांनी धर्म बदलला, पण भाषा आणि संतपरंपरा यांच्याशी नाते तोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणूनच त्यांची भक्ती अभंगातून प्रकटली. ‘फुलामुलांचे कवी’ हे बिरुद त्यांना उगाच लाभले नाही. ‘वनवासी फूल’ या दीर्घकाव्यात रानातले एकाकी फूल पाहून त्यांना जीवनाचा मोठा प्रश्न पडतो : जगापासून दूर राहावे, की जगासाठी फुलावे?

स्वतःच्या आयुष्यात त्यांनी दुसरा पक्ष स्वीकारला. 1907 च्या जळगाव कविसंमेलनात भेटलेल्या बालकवी ठोंबरे यांना पुढे त्यांनी अहमदनगरच्या आपल्या घरी मायेची सावली दिली. 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखेच स्थान होते. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात वाढलेल्या आपणा वाचकांना हे चरित्र विशेष जवळचे वाटावे. प्रशस्त वटवृक्षाच्या फांद्या कुंपणापलीकडे जातात, तेथेही सावली देतात. परंतु मुळे आपली माती सोडीत नाहीत. टिळकांचे जीवन असेच होते. त्यांनी पंथाचे कुंपण ओलांडले, मराठीची माती सोडली नाही. ग्रंथालयाच्या कपाटात तुकोबांची गाथा आणि टिळकांची ‘अभंगांजली’ शेजारी शेजारी नांदावीत, हेच उचित होय.