काळ मोजणारा सुतार

मोजपट्टी, तराजू आणि घड्याळ ही मापनाची साधने आपल्या रोजच्या वापरातील आहेत. त्यामुळे मोजमाप करणे ही अगदी सहजसाध्य गोष्ट आहे, असे आपल्याला वाटते. परंतु भर समुद्रात अचूक वेळ दाखवणारे साधन नसल्यामुळे एके काळी असंख्य खलाशांचे जीव धोक्यात येत असत. हे साधन घडवण्यासाठी आपले आयुष्य वेचणारे जॉन हॅरिसन हे व्यवसायाने सुतार होते.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील फाउल्बी या गावी १६९३ साली त्यांचा जन्म झाला. पुढे त्यांचे कुटुंब लिंकनशायरमधील बॅरो या खेड्यात स्थायिक झाले. वडिलांकडून त्यांनी सुतारकाम शिकून घेतले. उच्च शिक्षणाची संधी त्यांना लाभली नाही. मात्र ज्ञानाची ओढ तीव्र होती. एका धर्मोपदेशकाने त्यांना केंब्रिज विद्यापीठातील गणितज्ञ निकोलस सॉण्डरसन यांच्या व्याख्यानांची हस्तलिखित प्रत वाचावयास दिली. तरुण जॉनने ती आकृत्यांसह संपूर्ण उतरवून काढली. ही वहीच त्यांची पाठशाळा ठरली.

त्या काळी दर्यावर्दी लोकांपुढे एक बिकट प्रश्न उभा होता. सूर्याची किंवा ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजून जहाजाचा अक्षांश काढता येई; रेखांश मात्र समजत नसे. १७०७ साली आपली जागा ओळखण्यात चूक झाल्यामुळे इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजे सिली बेटांजवळील खडकांवर आदळून बुडाली आणि हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

रेखांश आणि वेळ यांचा संबंध समजण्यास सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी, म्हणजे ३६० अंश, फिरते. याचाच अर्थ ती एका तासात १५ अंश आणि चार मिनिटांत एक अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरवलेली आहे. म्हणून ग्रीनिच येथील प्रमाणवेळेनुसार दुपारचे बारा वाजतात, तेव्हा आपल्या घड्याळात सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. जहाजावर सूर्य माथ्यावर आला की तेथील मध्यान्ह कळते. त्याच क्षणी मूळ बंदरात किती वाजले आहेत हे सांगणारे घड्याळ जवळ असेल, तर दोन वेळांतील फरकावरून रेखांश काढता येतो. अडचण एवढीच होती, की असे घड्याळ जगात कोठेही नव्हते. लाटांच्या हेलकाव्यांनी लंबकाची गती बिघडे, उष्णतेने धातूचे भाग प्रसरण पावत, थंडीने आकुंचन पावत आणि वंगणाचे तेल घट्ट किंवा पातळ होई.

१७१४ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून रेखांश अर्ध्या अंशाच्या आत अचूक काढून देणाऱ्यास २०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. याचा हिशेब मांडून पाहा. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटे. सहा आठवड्यांच्या प्रवासात एकूण चूक दोन मिनिटांहून अधिक होऊ द्यायची नसेल, तर घड्याळाने दिवसाला तीन सेकंदांइतकीही चूक करता कामा नये. आयझॅक न्यूटन यांच्यासारख्या शास्त्रज्ञालाही समुद्रावर हे घड्याळाने साधेल याविषयी शंका होती.

हॅरिसन यांनी एकेक अडथळा स्वतंत्रपणे अभ्यासला. घर्षण कमी व्हावे आणि तेलाची गरजच पडू नये, म्हणून त्यांनी अंगचेच तेल असलेल्या एका अतिशय कठीण लाकडाचा उपयोग केला. उष्णतेने पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते, हे जाणून त्यांनी दोन्ही धातूंचे दंड एकमेकांशी जोडून लंबक तयार केला. एका धातूची वाढ दुसऱ्याच्या वाढीने भरून निघे आणि लंबकाची लांबी कायम राही. घड्याळ तपासण्यासाठी त्यांनी आकाशाचा आधार घेतला. शेजारच्या धुराड्यामागे ठरावीक तारा रोज रात्री केव्हा दिसेनासा होतो, याची ते नोंद ठेवीत. कारण तारा दर रात्री ३ मिनिटे ५६ सेकंद लवकर मावळतो. त्यांच्या नोंदींनुसार या घड्याळात महिन्याकाठी एका सेकंदाहून अधिक फरक पडत नसे.

१७३५ साली त्यांचे पहिले सागरी घड्याळ पूर्ण झाले. त्याचे वजन सुमारे ३४ किलोग्रॅम होते. पुढील वर्षी लिस्बनहून परतताना समोर दिसणारा किनारा कोणता याबाबत जहाजावरील अधिकाऱ्यांचा अंदाज चुकला. हॅरिसन यांचा मात्र बरोबर ठरला. परंतु रेखांश मंडळाच्या सभेत त्यांनी आपल्या यशाचा गौरव न करता यंत्रातील दोषच दाखवले आणि अधिक चांगले घड्याळ करण्यासाठी मुदत मागितली. दुसऱ्या घड्याळातील दोषही त्यांनी स्वतःच शोधला. तिसऱ्यासाठी त्यांनी जवळजवळ एकोणीस वर्षे खर्च केली. अखेर मोठ्या यंत्राचा नाद सोडून त्यांनी १७५९ साली चौथे घड्याळ पूर्ण केले. ते केवळ १३ सेंटीमीटर व्यासाचे होते.

१७६१ साली हे घड्याळ घेऊन त्यांचा मुलगा विल्यम जमैकाला निघाला. वाटेत मदिरा बेट केव्हा दिसेल, हे त्याने घड्याळाच्या आधारे आधीच सांगितले आणि कप्तानाला शंका असतानाही ते तसेच दिसले. ८१ दिवसांच्या प्रवासात घड्याळ सुमारे पाच सेकंदच मागे पडले. तरीही मंडळाचे समाधान झाले नाही. हे यश योगायोगाचे असेल, अशी शंका घेतली गेली. म्हणून १७६४ साली बार्बाडोस बेटापर्यंत दुसरी चाचणी झाली आणि तीही यशस्वी ठरली. तेव्हा मंडळाने घड्याळाची रचना उघड करण्याची अट घातली. एकाच कारागिराला जमणारे साधन सर्व जहाजांच्या काय उपयोगाचे, हा प्रश्न रास्त होता. हॅरिसन यांनी घड्याळ उलगडून दाखवले. मात्र बक्षिसाची अर्धीच रक्कम त्यांच्या हाती पडली. उरलेल्या रकमेसाठी नवनव्या अटी पुढे येत राहिल्या.

वृद्ध हॅरिसन यांनी राजे तिसरे जॉर्ज यांच्याकडे दाद मागितली. १७७२ साली राजांनी त्यांच्या पाचव्या घड्याळाची स्वतः चाचणी घेतली. १७७३ मध्ये संसदेने त्यांना ८,७५० पौंड दिले. तेव्हा त्यांचे वय ऐंशी वर्षांचे होते. त्याच सुमारास चौथ्या घड्याळाची लार्कम केंडॉल यांनी बनवलेली प्रतिकृती कप्तान जेम्स कुक यांच्या जहाजावरून प्रवास करीत होती. १७७५ साली कुक परतले आणि त्यांनी त्या प्रतिकृतीची प्रशंसा केली. मंडळाच्या रास्त प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने समुद्रानेच दिले. पुढच्याच वर्षी, २४ मार्च १७७६ रोजी, हॅरिसन यांचे लंडनमध्ये निधन झाले.

आज आपले ठिकाण सांगणाऱ्या उपग्रहांमध्ये आण्विक घड्याळे असतात. वेळेच्या अचूक मापनावरून जागा ओळखण्याची वाट ज्यांनी समुद्रावर खरी करून दाखवली, त्यांत या सुताराचे स्थान अग्रभागी आहे. इतरांनी त्यांच्या घड्याळाची परीक्षा पुन्हा पुन्हा घेतली. पण सर्वांत कठोर परीक्षा त्यांनी स्वतःच घेतली होती. आपल्या कामातील उणीव इतरांच्या आधी ओळखण्याचे धैर्य, हेच त्यांचे सर्वांत अचूक मोजमाप होते.